मुलगा पाहून आलो

पांढुर्णा आणि सौसर ही नावं ऐकल्यावर 'हे कुठे आलं?' असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. नागपूरहून उत्तरेला गेलं की महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश लागतो, पण हे तिथल्या लोकांना फारसं कोणी कळवलेलं नसावं. तिथे संत्र्याच्या बागा आहेत, कापूस आहे, जाम नावाची नदी आहे आणि तर्रीत बुडवलेले पोहे आहेत. मी यांतलं काहीही बघायला गेलो नव्हतो. मी मुलगा बघायला गेलो होतो. माणसांची नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि मुलाचं गाव सौसर तहसिलीत आहे, यापलीकडे सांगणार नाही. पोहे मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत.

मुलगा बघायचा होता बायकोच्या भाचीसाठी. प्रज्ञा तिचं नाव, नागपुरात एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या मेहुण्याचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मनोहर पाय स्टुलावर ठेवून बसलेला, त्यामुळे मोहीम माझ्याकडे आली. त्यासाठी मी आणि सुनंदा नाशिकहून नागपूरला आलो. मला निवडण्याची मनोहरची कारणं दोन. एक म्हणजे मी सरकारी खात्यात वजनमापं तपासण्याची नोकरी करतो, तेव्हा माणसाचं मापही मला बरोबर कळत असणार. दुसरं म्हणजे माझा स्वतःचा संसार. तीस वर्षांत सुनंदावर मी आवाज चढवला नाही, दारू प्यायलो नाही, पगार आणून तिच्या हातात दिला. सासरच्या प्रत्येक लग्नात नव्या जोडप्याला माझं उदाहरण देतात, आणि मी तेव्हा जिलबीकडे बघत बसतो.

दुसऱ्या कारणावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं इतकंच होतं की मला पुरुष आवडतात. सोळाव्या वर्षापासून आवडतात. ही गोष्ट मी इतकी खोल ठेवून दिली होती की वर्षातले कित्येक महिने मला स्वतःलाही ती आठवत नसे, आणि आठवली की मी दुकानांवर जास्त धाडी घालायचो.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. आम्ही बौद्ध. पत्रिका, गुण, मंगळ ही भानगड आमच्या घरांनी सोडून दिली, हे उत्तमच झालं. पण लग्न म्हटलं की माणसाला काहीतरी तपासल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून ग्रहांची चौकशी बंद झाली आणि माणसांची दुप्पट झाली. मुलीकडचा एक जबाबदार पुरुष मुलाच्या गावी एक दिवस आधी जातो आणि पानटपरी, न्हावी, ऑफिसातला शिपाई अशा ठिकाणी सहज गेल्यासारखं करून विचारपूस करतो. ही चौकशी अत्यंत गुप्त असते. मुलाच्या घरच्यांना ती माहीत असते, टपरीवाल्याला माहीत असते आणि न्हाव्याला तर तारीखही माहीत असते.

पांढुर्णा

नागपूरला गाडीत बसलो, झोप लागली, जाग आली तेव्हा पांढुर्णा आलं होतं. वाटेत काय काय लागतं ते दुसऱ्या कोणाला तरी विचारा.

गाव आता जिल्ह्याचं ठिकाण झालं आहे आणि ते पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला तिघेजण सांगतात. दुकानांच्या पाट्या हिंदीत, सरकारी फलक हिंदीत, शाळेची भिंत हिंदीत. आणि त्या भिंतीला टेकून उभा असलेला प्रत्येक माणूस मराठीत बोलतो. घरात एक आणि पाटीवर दुसरं, याची इथे कोणाला अडचण वाटत नाही. मलाही वाटली नाही. मला सवय होती.

स्टेशनबाहेर पोह्यांची गाडी होती. आमच्या नाशिकला पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरतात आणि माणसाला शांतपणे जगू देतात. इथे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या घासाला हात हलला आणि पांढऱ्या शर्टावर छातीच्या मधोमध तर्री सांडली. पोहेवाल्याने फडकं दिलं आणि विचारलं, "पाहुणे, कोणाकडं?"

"असाच आलोय, फिरायला."

"फिराले?" त्याने आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "फिराले पांढुर्ण्याले कोणी येत नाही जी. पोराची चौकशी हाय का?"

गुप्तता पाळायची ती किती, याला मर्यादा असते. मी सुमेधचं नाव सांगितलं. सुमेध हाच आमचा मुलगा, वय एकतीस, नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला.

"सुमेध? पाण्यावाला? अजी, लाखात एक पोरगं! दारू नाही, बिडी नाही, खर्रा नाही." इथे सांगायला हवं की खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घासून केलेला प्रकार, आणि या भागात खर्रा न खाणारा तरुण शोधणं हे वाघ शोधण्याइतकं कष्टाचं काम आहे. "आन् सगळ्यात मोठी गोष्ट सांगतो. पोरीकडं कधी मान वर करून पाहत नाही."

न्हाव्याकडे गेलो. दाढी सकाळीच केलेली होती, तरी पुन्हा करून घेतली. तोही म्हणाला, पोरीकडे मान वर करून पाहत नाही. नगरपालिकेच्या दारातला शिपाई म्हणाला, "कामाले हुशार, बोलाले गरीब, आन् पोरीकडं तं..." मी म्हणालो, "मान वर करून पाहत नाही." तो म्हणाला, "तुमाले कसं माहीत?"

मला माहीत होतं कारण हे प्रमाणपत्र माझंच होतं. तीस वर्षांपूर्वी माझे सासरे असेच गुपचूप नाशिकला आले होते आणि आमच्या ऑफिससमोरच्या चहावाल्याने त्यांना अक्षरशः हेच सांगितलं होतं. सासरे ते वाक्य अभिमानाने मरेपर्यंत सांगत राहिले. मुलगा मुलींकडे पाहत नाही, यावर खूश होऊन एवढी माणसं मुलगी देतात. मग तो बघतो तरी कुठे, असं आजवर एकाही सासऱ्याने विचारलेलं नाही. मी शिपायाचे आभार मानून बाहेर पडलो.

बाहेर मोटारसायकलवर एक माणूस माझी वाट बघत होता. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, हातांना ग्रीसचे डाग. "तुमी प्रज्ञाचे मामाजी ना? जयभीम. मी विलास. सुमेधचा दोस्त." आत्याच्या नवऱ्याला इकडे मामाजी म्हणतात. विलासचं बसस्टँडजवळ पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. मी आलोय हे त्याला कसं कळलं, असं विचारलं.

"पोहेवाल्यानं फोन केला ना. म्हणे, पाहुणे आले, शर्टावर तर्री हाय, ओळखू येतीन."

विलासने मला गाव दाखवायला घेतलं, आणि गाव दाखवताना सुमेधच दाखवला. ही टाकी सुमेधने दुरुस्त करून घेतली. या वस्तीत आधी तीन दिवसांनी पाणी यायचं, आता रोज येतं. सुमेध रागावला तर बोलणं बंद करतो, पण संध्याकाळपर्यंतच. सुमेधला वांगं आवडतं, पण मिरची झेपत नाही. मी इतक्या मुलांच्या चौकश्या ऐकल्या आहेत, पण मित्राने एवढी तपशीलवार माहिती दिल्याचं आठवत नाही.

जाम नदीच्या पुलावर त्याने गाडी थांबवली. पलीकडे सावरगाव. "इथं गोटमार होते," तो म्हणाला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. इकडून पांढुर्णेवाले, तिकडून सावरगाववाले. दगडं मारतात एकमेकाइले."

"कशासाठी?"

"जुनी गोष्ट हाय. इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवली. नदीच्या मधात आले अन् दोन्हीकडून दगडं सुरू झाले. मेले म्हणतात दोघं."

"प्रेम केलं म्हणून दगड?"

"ते तं पोरगा-पोरगी होते, मामाजी," विलास म्हणाला. मग त्याने पाण्याकडे पाहिलं आणि गाडीला किक मारली. गाडी तीन किकमध्ये सुरू झाली. दुसऱ्यांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांची स्वतःची वाहनं अशीच असतात.

सौसर

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास लॉजवर हजर. दुसरा शर्ट आणला नव्हता, तोच घालून त्याच्या मागे बसलो आणि सौसरकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आणि जानेवारीची, ऊन खावंसं वाटावं अशी थंडी. मात्र कितीतरी बागा कोमेजलेल्या दिसत होत्या. पानं वळलेली, पिवळी. मी नागपुरी संत्र्यांची फार हिरवी कल्पना करून आलो होतो.

सुमेधचं घर छोटं, स्वच्छ, समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी शेवंती. वडील वामनराव रेल्वेत होते, तिगाव स्टेशनाजवळ रुळांच्या देखभालीवर सगळी नोकरी काढली. आई कौसल्याबाई. सुमेध बारीक, चष्म्यातला, कमी बोलणारा. जयभीम झाला, पाणी झालं, माझ्या शर्टाच्या डागाबद्दल सगळ्यांना आधीच ठाऊक होतं हेही कळलं.

जेवायला रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून फोडतात आणि तुपात बुडवतात; बरोबर वांग्याची भाजी. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह तोंडाने करतात. इथे तो न बोलता करतात. तुम्ही ताटावर आडवा हात धरलात तर हातावर वाढतात. मी धरला, आणि गरम तूप मनगटापर्यंत आलं. कौसल्याबाई हळहळल्या, पण वाढायच्या थांबल्या नाहीत.

जेवताना मी माझं काम करत होतो, म्हणजे निरीक्षण. विलास त्या घरात वाढपी होता. मीठ कुठल्या डब्यात, तुपाचं भांडं कुठल्या फळीवर, सगळं त्याला माहीत. त्याने बोलता बोलता सुमेधच्या भाजीतली मिरची उचलून स्वतःच्या ताटात टाकली आणि पुढचं वाक्य चालू ठेवलं, कोणाचं लक्षही गेलं नाही. लग्नाबद्दल आईवडिलांपेक्षा तोच जास्त उत्साहात होता. हॉल कुठला घ्यायचा, स्वयंपाकाला कोण, पांढरे कपडे कुठून शिवायचे, त्याच्याकडे सगळं तयार होतं. आणि सुमेध? सुमेधने माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, बुद्धाकडे पाहिलं, दारातल्या शेळीकडे पाहिलं. विलासकडे त्याने तासाभरात एकदाही पाहिलं नाही.

घरात एवढा वावरणारा, एवढा बोलणारा माणूस. त्याच्याकडे एकदाही नजर जाऊ न देणं सोपं नसतं. त्याला वर्षांचा सराव लागतो, आणि तो सराव ओळखायला तो स्वतः केलेला असावा लागतो.

माझा अशोक नावाचा मित्र होता. वसतिगृहात एका खोलीत आम्ही तीन वर्षं राहिलो. त्या खोलीत काय होतं ते मी आयुष्यात कोणाला सांगितलं नाही, इथेही एवढंच सांगतो की मी तेव्हा सुखी होतो, आणि नंतर तसा कधी झालो नाही. माझ्या लग्नात अशोकने बाह्या वर करून दिवसभर पंगती वाढल्या. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. लग्नानंतर तो सुरतेला गेला आणि तिथून त्याचं एक पत्र आलं. मी उत्तर लिहिलं नाही. त्याची लाज मला अजूनही वाटते.

जेवणानंतर मी म्हणालो, बाग बघू या. विलास उठला, पण कौसल्याबाईंनी त्याला पाहुण्यांची संत्री भरायला बसवलं. त्यामुळे बागेत मी आणि सुमेध दोघेच गेलो. इथलीही झाडं वाळलेली.

"झाडं गेली का रे?" मी विचारलं.

"गेली नाही मामाजी. ताण देल्ला हाय. महिनाभर पाणी तोडलं. झाडाले वाटते आता आपण मरतो, मंग ते फुलावर येते. नाही तं नुसते पानंच पानं."

"आणि ताण जास्त झाला तर?"

"तं मरते."

इथे एखाद्या लेखकाला उपमा सुचली असती. मलाही सुचली, पण मी सरकारी नोकर आहे, मी तिला हात लावला नाही.

"सुमेध, तुला हे लग्न करायचंय का?"

"घरचे म्हणतीन तसं."

"घरच्यांना मी नंतर विचारीन. तुला विचारतोय."

"पोरगी चांगली हाय. दोन डाव फोनवर बोललो. मोकळी हासते." त्याने वाकून ठिबकची नळी उगाच सरळ केली. पाणी बंद होतं, तिला सरळ करायचं काही कारण नव्हतं.

"विलासचं लग्न झालंय?"

नळीवरचा हात थांबला. "नाही. तो म्हणते, पहिले तुहं होऊ दे." तो उभा राहिला. चेहरा उतरला होता. "तुमाले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. सगळं गाव तुझं कौतुक करतंय."

"मंग कसं समजलं?"

नोकरीत तेहतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. हा काटा असा का, हे वजन पोकळ का. मला कोणी उलट विचारलं नव्हतं. 'अनुभवाने', असं एक उत्तर तोंडाशी आलं होतं. ते दिलं असतं तर आम्ही दोघंही सुटलो असतो आणि मी दिमाखात नागपूरला परतलो असतो. पण तो पोरगा इतका घाबरला होता. मी नाही म्हणालो तर गावात काय होईल, हो म्हणालो तर जन्मभर काय होईल, दोन्ही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि तो चेहरा मी आरशात पाहिलेला होता.

"तू त्याच्याकडे एकदाही बघितलं नाहीस," मी म्हणालो. "मीही असाच एकाकडे बघितलं नव्हतं. मला पुरुष आवडतात, सुमेध. पहिल्यापासून."

सत्तावन्नाव्या वर्षी हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. दुसऱ्या राज्यात, काही तासांच्या ओळखीच्या मुलापुढे, शर्टावर तर्रीचा डाग घेऊन. आभाळ कोसळलं नाही. शेजारच्या शेतात कोणीतरी म्हशीला शिवी देत होतं.

मला वाटलं सुमेध रडेल, किंवा माझे हात धरेल; अशा प्रसंगी काय होतं याची माझी कल्पना नाटकी होती. त्याने विचारलं, "आन् मामीजी?"

"काय मामीजी?"

"मामीजी कशा हायेत?"

"चांगली आहे."

"त्याइले माहीत हाय?"

"नाही."

"मंग चांगल्या कशा असतीन?"

त्याने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच उत्तर हवं होतं, कारण प्रज्ञाचं पुढे काय झालं असतं ते त्यावरून त्याला समजणार होतं. तीस वर्षांत मी माझ्या त्यागाचा खूप विचार केला होता. सुनंदाचा कुठे केला होता ते आठवेना.

"मी नाही म्हणू शकत नाही, मामाजी," तो म्हणाला. "बापूले मागच्या सालीच अटॅक येऊन गेला. तुमी नाही म्हणा."

"कारण काय सांगू? तुझ्यावर काही यायला नको."

नगरपालिकेच्या माणसाने क्षणभर विचार केला. "दाखल्याचं सांगा. तिकडचा जातीचा दाखला इकडं चालत नाही, इकडचा तिकडं चालत नाही. राज्य बदललं का नोकरीले परेशानी. हे सगळ्याइले पटते."

सरकारी नियमाने कोणाचं भलं होताना मी नोकरीत क्वचितच पाहिलं आहे. मी मान हलवली. "पण पुढची मुलगी येईल तेव्हा?"

"तवा मीच बोलीन," तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे पुस्ती जोडली, "बहुतेक."

वामनरावांना मी दाखल्याची अडचण सांगितली. त्यांनी दोन्ही राज्य सरकारांना एकेक शिवी दिली, पण पटलं त्यांना. निघताना हातात संत्र्यांची पिशवी आली. विलासने बसस्टँडवर सोडलं आणि पिशवी माझ्या हातात देत विचारलं, "मंग मामाजी, पोरगा पसंत हाय ना?" दिवसभराचा उत्साह तोंडावर तसाच होता, फक्त ओठ कोरडे पडले होते.

"मुलगा फार चांगला आहे. पण जमणार नाही. दाखल्याची अडचण आहे."

"अरेरेरे," विलास म्हणाला. "लय वाईट झालं जी." एवढं बोलून त्याने मला उसाचा रस पाजला. मग आणखी एक ग्लास पाजला. तिसऱ्याला मी नाही म्हणालो तेव्हा त्याने तो स्वतः प्यायला, आणि बस हलेपर्यंत हात हलवत उभा राहिला.

नागपूर

संध्याकाळी मनोहरच्या घरी पोचलो तेव्हा सगळे वाटच बघत होते. मनोहर स्टुलावर पाय ठेवून, शेजारी सुनंदा, दाराला टेकून प्रज्ञा.

"खर्रा?"

"नाही."

"दारू?"

"नाही."

"नोकरी, घर, माणसं?"

"उत्तम." मग मी दाखल्याची अडचण काढली. मी बसमध्ये ती तीनदा पाठ केली होती. मनोहरने ती एका वाक्यात उडवली. "प्रज्ञाची नोकरी प्रायव्हेट हाय, भाऊजी. तिले दाखला कोण मागते?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सुमेधच्याही नाही. दोघेही सरकारी.

"मंग अडते कुठं?" मनोहर म्हणाला. "सीधं सांगा ना, पोरगा कसा हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं बोलावं तर सुमेधचं नाव खराब होणार आणि खरं बोलावं तर त्याहून खराब. मी सुनंदाकडे पाहून म्हणालो, "माझ्यासारखा आहे."

मनोहरने मांडीवर थाप मारली आणि गुडघा दुखावून घेतला. "मंग हेच पहिले सांगायचं ना! जा वो प्रज्ञा, पेढे आण!"

"थांब," सुनंदा म्हणाली. "प्रज्ञाले तिथं द्यायचं नाही."

"काऊन?"

"मी सांगून राहिली म्हणून."

सुनंदा त्या घरात कधी या आवाजात बोलली नव्हती. प्रज्ञा आत्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "आत्या नाही म्हणते तं माहंही नाही," आणि माझं ताट वाढायला आत गेली. मोहीम संपली. माझी बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढायला निघून गेली.

मी जेवलो नाही. तिच्या मागोमाग वर गेलो. ती दोरीवरून उशांचे अभ्रे काढत होती.

"तू नाही का म्हणालीस?"

"तुम्हीच म्हणालात, तुमच्यासारखा आहे." ती वळली नाही. "कधी रागावणार नाही. ती आजारी पडली तर रात्रभर उशाशी बसेल. आणि झोपेत तिचा हात लागला, तर अलगद उचलून बाजूला ठेवेल. ते मी माझ्या भाचीच्या वाट्याला नाही येऊ देणार."

मला वाटायचं, तिला झोप लागलेली असते.

मग मी तिला सांगितलं. सुमेधला सांगितलं त्याच शब्दांत. दुसरे माझ्याकडे नव्हते. अशोकचं नाव सांगितलं. सुमेधचं आणि विलासचंही सांगितलं, आणि ते आपल्या दोघांतच राहू दे म्हणालो. ती अभ्रे छातीशी धरून टाकीच्या कट्ट्यावर बसली. नाशिकला आल्यापासून ती माझ्याशी कधी माहेरची भाषा बोलली नव्हती. आमच्याकडचे हसत, म्हणून तिने पहिल्याच वर्षी ती सोडली होती. आता ती त्याच भाषेत बोलली.

"तीस वर्षं मले वाटे, माह्यातच काही कमी हाय."

एवढंच. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी या प्रवासात एका मुलाचं दुःख तपासलं होतं, त्याच्या मित्राचं तपासलं होतं आणि स्वतःचं तर मोठ्या कौतुकाने तपासलं होतं. मी तिच्या पायाशी बसलो आणि रडलो. तिने मला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही.

"कमी काही नव्हतं," मी म्हणालो.

"आता काय करायचं ते मी ठरवीन," ती म्हणाली. "तुम्ही नका ठरवू."

नाशिकहून आम्ही दोघे गेलो होतो. परत मी एकटा आलो. ती अजून मनोहरकडेच आहे, त्याच्या गुडघ्याचं निमित्त आहे आणि गुडघा सावकाश बरा होतो आहे. हे लिहू का, असं मी तिला विचारलं. लिहा, म्हणाली, फक्त ती पोरं ओळखू येतील असं काही लिहू नका. मी अशोकचा पत्ता शोधतोय, हेही तिला सांगितलं.

काल दुपारी तिचा फोन आला.

"जेवलात का?"

"हो," मी म्हणालो.

"खरं सांगा," ती म्हणाली.

"नाही जेवलो."

"मग वाढून घ्या. मी थांबते फोनवर."